बंदर अडते तेव्हा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत ह्यांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झालेल्या ह्या व्यासपीठावर गोदीतल्या माणसाला उभे करण्याचा बेत चिटणीसांनी माझ्यापुढे मांडला, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. माझी उभी हयात बंदरांच्या वाहतूक खात्यांत गेली. जहाजे कोणत्या धक्क्याला लावावयाची आणि कोणती नांगरावर ठेवावयाची, ह्यापलीकडे मला फारसे काही कळत नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "आपल्यातील निम्म्या घरांतला सकाळचा डबा कांडल्याच्या दिशेने जातो. मग कांडल्याविषयी कोणी बोलावयाचे नाही काय?" हा मुद्दा मला पटला. कोणी बंदरात आहे, कोणी जकात खात्यात, कोणी क्लिअरिंग एजंटाच्या पेढीवर, तर कोणी तेलाच्या टाक्यांवर. आणि ज्यांच्या घरचे कोणीच तिकडे जात नाही, त्यांच्या कढईतले पामतेल तरी बहुधा त्याच धक्क्यावर उतरलेले असते.

म्हणून आज मी बंदर अडते तेव्हा काय होते, ते कसे सावरतात, आणि त्या अडण्याचे ओझे अखेर कोणाच्या खांद्यावर येऊन पडते, ह्याविषयी बोलणार आहे. माझे सांगणे थोडक्यात इतकेच, की बंदर कधीच अडू नये असे कोणालाही करता येणार नाही. वादळ येणार, जहाज रुतणार, सरकारी हुकूम निघणार. मात्र अडल्यावर त्रास कोणी सोसावयाचा, हे पुष्कळसे माणसांच्या हातात असते. आणि ते सारे काही सुरळीत चालू असतानाच ठरवून ठेवावे लागते.

आपण ज्या बंदराच्या आश्रयाने येथे आलो, त्याचा जन्मच एका मोठ्या खंडातून झाला आहे. १९४७ साली कराची सीमेपलीकडे गेली. पंजाब, राजस्थान आणि दिल्लीकडील पुष्कळसा माल तोवर कराचीच्या वाटेने समुद्राला मिळत असे. ती वाट तुटली आणि तो सारा भार मुंबईवर येऊन पडला. कांडल्याच्या खाडीत कच्छचे महाराव खेंगारजी ह्यांनी १९३० च्या सुमारास बांधविलेला एक धक्का होता. कस्तुरभाई लालभाई ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४८ साली नव्या बंदरासाठी हीच जागा सुचविली. १९५२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली, त्याच वर्षी डीशापर्यंतचा लोहमार्ग झाला, आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये कांडला प्रमुख बंदर म्हणून जाहीर झाले. पुढे अनेक वर्षे मालाच्या वजनात ते देशातील प्रमुख बंदरांत पहिले राहिले. २०१७ पासून त्याला दीनदयाळ बंदर असे नाव आहे. हा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. मला लक्ष वेधावयाचे आहे ते वाट तुटल्यापासून नवी वाट सिद्ध होईपर्यंत गेलेल्या आठ वर्षांकडे. राष्ट्राने सर्व शक्ती लावूनही आठ वर्षे लागली. दुसरी वाट संकटानंतर शोधू म्हटले, तर ती संकटाच्या वेळी उपयोगी पडत नाही, हा धडा आपल्या बंदराच्या पायातच पुरलेला आहे.

आता बंदर तुंबते म्हणजे नेमके काय होते? बाहेरच्या माणसाची समजूत अशी असते, की जहाजे फार झाली म्हणजे बंदर तुंबते. पुष्कळदा कारण जमिनीवर असते. आपण लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घेऊ. पहिली पंगत जेवून उठली, पण हात धुवावयाच्या जागी गर्दी झाल्यामुळे ती मांडवातच उभी राहिली. दुसऱ्या पंगतीला पाट मिळत नाहीत, वाढप्यांना वाट मिळत नाही आणि स्वयंपाकघरात भात निवत राहतो. अन्न भरपूर, वाढपी भरपूर, पाहुणेही भुकेलेले. तरी जेवण पुढे सरकत नाही. बंदराचे असेच असते. रेल्वेची वाघिण वेळेवर आली नाही किंवा ट्रक मिळाले नाहीत, म्हणजे यार्डातील माल हलत नाही. यार्ड साधारण तीनचतुर्थांश भरेपर्यंत काम बरे चालते. त्यापुढे खालचा एक कंटेनर काढण्यासाठी वरचे दोन-तीन हलवावे लागतात आणि तेच यंत्र, तीच माणसे निम्मे काम देऊ लागतात. उतरविलेला माल ठेवावयास जागा नाही म्हणून जहाज धक्का सोडत नाही, आणि ते धक्का सोडत नाही म्हणून पाठीमागचे नांगरावर उभे राहते. कांडल्यासारख्या खाडीतल्या बंदरात त्यात भरती-ओहोटीची भर पडते. खोल बुडणाऱ्या जहाजाला भरतीच्याच पाण्यावर आत यावे लागते. एक भरती हुकली, की पुढच्या भरतीपर्यंत बाहेर ताटकळणे आले.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. बंदरातली मोकळी जागा हिशेबनिसाच्या डोळ्यांना सलते. "एवढी जमीन रिकामी का? हा धक्का आज मोकळा का?" असे प्रश्न विचारले जातात, आणि चांगल्या दिवसांत त्यांना उत्तर देणे कठीण असते. परंतु वाईट दिवसांत बंदर त्या रिकाम्या जागेवरच तग धरते. गृहिणी पावसाळ्याच्या तोंडी डाळ-तांदळाचा डबा भरून ठेवते, तेव्हा तिला कोणी उधळी म्हणत नाही. हा न्याय यार्डालाही लागू व्हावा.

खोळंबा झाला, की पैशाचे मीटर चालू होते. जहाज ठरल्यापेक्षा अधिक दिवस अडले तर डेमरेज, बंदराच्या जागेत माल पडून राहिला तर जागाभाडे, कंटेनर वेळेत परत केला नाही तर त्याचा वेगळा आकार. शेकडो कंटेनर मागविणारी मोठी कंपनी हा खर्च सर्व मालावर वाटून टाकते. ज्याचा वर्षातून एखादाच कंटेनर येतो, त्या छोट्या व्यापाऱ्याचा सगळा नफा आठ-दहा दिवसांत जागाभाड्यात विरघळतो. दोघांचा खोळंबा कागदावर सारखाच दिसतो, पण एकाला तो ओरखडा असतो आणि दुसऱ्याला घाव.

ह्याचे एक उदाहरण आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. युक्रेनच्या युद्धामुळे जगभर गव्हाची ओढाताण चालली होती, आणि उन्हाच्या झळांनी इकडचे पीकही घटले होते. बंदी योग्य होती की अयोग्य, हा आजचा विषय नव्हे. देशातील धान्य सांभाळणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु त्या दिवशी कांडल्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर गव्हाने भरलेले हजारो ट्रक होते. ज्या निर्यातदारांच्या हाती आधीचे अपरिवर्तनीय पतपत्र होते, त्यांचा माल जाऊ देण्याची तरतूद मूळ आदेशातच होती. ज्यांच्याजवळ असा कागद नव्हता, त्यांचे ट्रक मे महिन्याच्या उन्हात उभे राहिले. चार दिवसांनी, १७ मे रोजी, सरकारने सवलत दिली, की १३ तारखेपर्यंत जो माल तपासणीसाठी जकात खात्याच्या स्वाधीन होऊन त्यांच्या दप्तरी नोंदला गेला असेल, तो जाऊ द्यावा. कांडल्यात इजिप्तसाठी भरत असलेल्या ६१,५०० टनांच्या जहाजात ४४,३४० टन गहू चढला होता आणि १७,१६० टन खाली राहिला होता. तोही चढविण्यास परवानगी मिळाली. पण ज्यांचा गहू दप्तरी नोंद होण्याआधी फाटकाबाहेरच अडकला होता, ते मागेच राहिले. ट्रकचालकाला गव्हाच्या जागतिक बाजारपेठेशी काय कर्तव्य? त्याला खेपेचे भाडे मिळते. गाडी उभी राहिली, की त्याची चूल उभी राहते.

म्हणून माझे नम्र मत असे आहे, की निर्यात थांबविणारा प्रत्येक आदेश काढताना वाटेवर असलेल्या मालाचे काय करावयाचे, हे त्याच आदेशात, त्याच दिवशी, लिहिलेले असावे. आणि ते लिहिताना ज्याच्याजवळ भक्कम कागद आहेत त्याच्याबरोबरच, ज्याच्याजवळ केवळ भरलेली गाडी आहे त्याचाही विचार व्हावा.

आपल्या नाशिक-नगरकडील मंडळींना हे दुःख कांद्याच्या रूपाने परिचित आहे. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याची निर्यात एकाएकी थांबली, तेव्हा न्हावाशेव्याला कंटेनर अडकले. ८ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा बंदी आली आणि ती पुढील मे महिन्यात उठली. लोखंड आठ दिवस थांबले तर गंजाचा एक थर चढतो. कांदा आठ दिवस बंद कंटेनरमध्ये थांबला तर त्याला मोड येतात आणि पाणी सुटते. कोणत्याही बंदरात रांग लागली म्हणजे 'जो आधी आला तो आधी' हा नियम न्यायाचा भासतो. परंतु कांदा आणि लोखंड ह्यांना एकाच रांगेत उभे करणे हा न्याय कसला? औषधे, नाशवंत माल आणि जिवंत जनावरे ह्यांना आधी वाट मिळावी, हे तत्त्व सगळेच मान्य करतात. अडचण अशी, की गर्दीच्या दिवशी प्रत्येकाचाच माल तातडीचा होतो आणि ज्याचा दूरध्वनी वरपर्यंत पोहोचतो त्याचा थोडा अधिक तातडीचा होतो. रांगेचा क्रम आधी लिहून, फाटकावर लावून ठेवला, तर दूरध्वनीला फारसे काम उरत नाही.

रांगेचे शास्त्र किती मोलाचे आहे, हे अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ह्या जोडबंदरांत दिसून आले. करोनाच्या साथीत घरी बसलेल्या अमेरिकनांनी वस्तू मागविण्याचा सपाटा लावला, आणि २०२१ साली ह्या बंदरांबाहेर कंटेनर जहाजांची अभूतपूर्व दाटी झाली. २०२२ च्या जानेवारीत ही संख्या शंभरावर गेली होती. जुना नियम असा, की जहाज बंदराच्या परिसरात पोहोचले की त्याचा नंबर लागावयाचा. साहजिकच प्रत्येक कप्तान तेल जाळीत धावत येई आणि मग आठवडेच्या आठवडे नांगर टाकून बसे. नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम बदलला. मागील बंदरातून निघाल्याच्या वेळेवरून पोहोचण्याची वेळ काढावयाची आणि त्यावर नंबर द्यावयाचा. आता धावण्यात अर्थ उरला नाही. जहाजे सावकाश येऊ लागली, किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात थांबू लागली, आणि बंदराच्या तोंडाशी होणारी धोकादायक गर्दी ओसरली. धक्का एकही वाढला नव्हता. जहाजांची संख्या आटोक्यात यावयास पुढे पुष्कळ महिने लागले हे खरे, परंतु ताटकळण्यातला धोका आणि नासाडी केवळ नियम बदलून कमी झाली.

दुसरी वाट असावी असे मी मघाशी म्हणालो. परंतु ती खरोखर दुसरी आहे की नाही, हे पारखून घ्यावे लागते. मुंबई बंदराचा भार हलका व्हावा म्हणून न्हावाशेव्याचे बंदर उभारले. ते १९८९ साली सुरू झाले. कागदावर एकाची दोन बंदरे झाली. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावाशेव्याहून निघालेले 'एमएससी चित्रा' आणि मुंबईकडे येणारे 'खलिजिया' ह्या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडली आणि तिच्यावरील शेकडो कंटेनर पाण्यात पडले. त्यांतील काहींत कीटकनाशके होती. इंधनतेलही समुद्रात पसरले. तरंगणारे आणि बुडालेले कंटेनर शोधून जलमार्ग निर्धोक होईपर्यंत काही दिवस दोन्ही बंदरे अडली, कारण त्यांचा समुद्राकडचा प्रवेशमार्ग एकच होता. घराला दोन दारे आहेत असे आपण म्हणत होतो. ती दोन्ही एकाच बोळात उघडत होती. आणि ह्यातही सर्वांत शेवटी कोण सावरला? तेलाच्या भीतीने ज्याची मासळी बाजारात कोणी घेईना, तो कोळी.

संगणकाचेही तेच. २७ जून २०१७ रोजी एका घातक संगणकी विषाणूने जगातील सर्वांत मोठ्या नौवहन कंपन्यांपैकी एक असलेल्या 'मर्स्क'ची यंत्रणा ठप्प केली. त्याच गटाचे न्हावाशेव्यातील टर्मिनलही त्यात सापडले. क्रेन शाबूत होत्या, माणसे हजर होती, समुद्र शांत होता. परंतु कोणता कंटेनर कोणाचा आणि कोठे जावयाचा, हे सांगणारी स्मरणशक्तीच हरपली होती. अशा वेळी ज्यांना कागदावर नोंद ठेवून काम करता येते, ती जुनी माणसे कामी येतात. आजच्या तरुण सहकाऱ्यांना मी सुचवीन, की वर्षातून एक दिवस संगणक बंद ठेवून फाटक चालवून पाहावे. तो दिवस वाया गेला असे वाटेल, गेलेला नसेल.

मालाविषयी एवढे बोललो. माल वाहणाऱ्यांविषयी फार थोडे बोलले जाते. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस कालवा बंद राहिला. चारशेहून अधिक जहाजे अडली. जहाज मोकळे झाल्यावर जगाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि वृत्तपत्रे दुसऱ्या बातमीकडे वळली. परंतु भरपाईच्या वादात ते जहाज इजिप्तने अडकवून ठेवले आणि जुलैपर्यंत सोडले नाही. त्याच्यावरील पंचवीसही खलाशी भारतीय होते. त्यांतील काहींना मधल्या काळात घरी परतता आले. इतरांना जहाजाबरोबर थांबावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, साथीच्या दिवसांत, करार संपूनही जहाजावरून उतरता न आलेल्या खलाशांची संख्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सुमारे चार लाख सांगितली होती. आपल्या रत्नागिरी-रायगडकडील किती घरांनी ते महिने वाट पाहण्यात काढले असतील! मालाच्या साखळीतली सर्वांत हळवी कडी माणसाची असते, आणि ती ताणली गेली तरी कडकड असा आवाज होत नाही.

आता शेवटचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. ९ जून १९९८ चे चक्रीवादळ येथील जुन्या मंडळींना विसरता येणे शक्य नाही. समुद्र खाडीतून वर चढला, जहाजे जागेवरून उखडली गेली, क्रेन कोसळल्या. हे नुकसान विमा कंपन्यांनी आणि सरकारने मोजले. परंतु मिठागरांत आणि खाडीकाठच्या झोपड्यांत राहणारे मजूर गेले, त्यांची मोजणी पूर्ण झाली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सरकारी आकडाच हजाराच्या वर आहे, आणि बेपत्ता माणसे त्याहून निराळी. परप्रांतातून आलेल्या, ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपुस्तकात नव्हते, अशांचा हिशेब कोणी आणि कसा मांडावा? वादळाची चाहूल वेधशाळेला होती. ती बातमी मिठागरातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत, निघून जाण्यास पुरेसा वेळ राहील अशा बेताने, पोहोचली नाही.

पंचवीस वर्षांनी, १५ जून २०२३ रोजी, 'बिपरजॉय' हे चक्रीवादळ ह्याच कच्छच्या किनाऱ्यावर, जखौजवळ, येऊन धडकले. ह्या खेपेस वादळ येण्याच्या काही दिवस आधीच कांडल्याचे काम थांबविले होते. जहाजे खोल समुद्रात पाठविली होती. गुजरातच्या किनारपट्टीवरील एक लाखाहून अधिक माणसे सुरक्षित स्थळी हलविली, आणि त्यांत मिठागरांतले मजूरही होते. विजेचे हजारो खांब पडले, झाडे उन्मळली, व्यवहार काही दिवस ठप्प झाला. परंतु वादळ जमिनीवर आल्यानंतर त्यात मनुष्यहानी झाल्याची नोंद नाही, असे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या प्रमुखांनी सांगितले. दोन्ही वादळे सर्वस्वी सारखी होती असे मी म्हणणार नाही. पण ह्या खेपेस बंदर आपणहून बंद झाले, आणि मालाचा खोळंबा पत्करून माणसे वाचविली गेली, हे निर्विवाद आहे. बंदर बंद ठेवण्याचे धैर्य हेही बंदर चालविण्याच्या कौशल्यातच मोडते.

मित्रहो, आपल्या मुलामुलींपैकी बरीच आज ह्या व्यवसायात अधिकाराच्या जागांवर आहेत. त्यांच्या टेबलावर उद्या कोणत्या तरी खोळंब्याचा कागद येणारच. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा आपल्याकडील बासमतीच्या व्यापाऱ्यांनी हे अनुभवले. आफ्रिकेला वळसा घालून जाताना युरोपच्या वाटेत दहा-बारा दिवस वाढले आणि भाडे कडाडले. अशा कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी स्वतःला इतकेच विचारावे, की ह्या निर्णयाने जो थांबणार आहे त्याला थांबणे परवडेल काय? आणि त्याला ही बातमी कळली आहे काय? त्याचे नाव आपल्या यादीत आहे काय?

आपण सारे परमुलखात आलेली माणसे आहोत. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन करणाऱ्यांनी पहिले काम केले ते आपल्या माणसांची यादी करण्याचे, असे आताच अध्यक्षांनी सांगितले. संकटात ज्याचे नाव यादीत असते त्याच्यापर्यंत मदतीचा हात पोहोचतो, हे त्यांना उमगले होते. ती यादी आपण मराठी घरांपुरती केली, ते स्वाभाविकच होते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ती थोडी वाढवावी आणि खाडीकाठच्या झोपड्यांत ज्यांचे कोणतेच मंडळ नाही, त्यांचीही नावे तीत यावीत, एवढी विनंती करतो.